ग्नोमचं मराठी भाषांतर: फाइल भरण्यापासून लोकांच्या पडद्यावर दिसेपर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप आणि त्याच्यासोबतचे प्रोग्राम मराठीत आणणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. त्यांच्या कामाचा बराच भाग वाटेत अडकून पडतो, आणि कुठे अडकला ते कळत नाही. म्हणून इथे सगळी वाट टप्प्याटप्प्यानं दिली आहे. उदाहरणं ग्नोमची आहेत. लिबरऑफिस, फायरफॉक्स, केडीई (लिनक्सवरचा दुसरा डेस्कटॉप) आणि वर्डप्रेस यांच्या वाटा जिथे वेगळ्या आहेत, त्या शेवटाकडे सांगितल्या आहेत.

मी भाषांतर साइटवर चढवलं. आता ते पुढच्या आवृत्तीत येईल ना?

आपोआप येणार नाही. तुमची फाइल ग्नोमच्या ‘डॅम्ड लाइज’ या भाषांतर साइटवर चढली म्हणजे ती फक्त तपासणीच्या रांगेत लागली. त्यापुढे चार दारं आहेत. तपासनीस ती वाचतो. कमिट करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती ती प्रोग्रामच्या मूळ कोडच्या भांडारात टाकते. मेंटेनर म्हणजे तो प्रोग्राम सांभाळणारा माणूस नवी आवृत्ती बांधतो. शेवटी डेबियन, फेडोरा, उबुंटूसारखं वितरण ती आवृत्ती लोकांपर्यंत नेतं. यातलं कुठलंही दार बंद राहिलं तर वापरणाऱ्याला इंग्रजीच दिसतं, मग साइटवरची आकडेवारी कितीही चांगली असो.

पीओ फाइल म्हणजे नेमकं काय?

साधी मजकुराची फाइल. तिच्यात जोड्या असतात: वर मूळ इंग्रजी ओळ, खाली तिचं भाषांतर. प्रोग्राम लिहिणारा कोडमध्ये प्रत्येक दिसणाऱ्या ओळीवर भाषांतराची खूण करतो. जीएनयू गेटटेक्स्ट हे साधन त्या खुणा शोधून सगळ्या ओळी एका कोऱ्या साच्यात गोळा करतं. त्या साच्याला पॉट फाइल म्हणतात. साच्यावरून प्रत्येक भाषेची पीओ फाइल तयार होते. मराठीची फाइल ‘एमआर’ या भाषासंकेतानं ओळखली जाते. बांधणीच्या वेळी पीओचं रूपांतर एमओ या यंत्राला वाचता येणाऱ्या फाइलीत होतं. वापरणाऱ्याच्या संगणकावर पोचते ती ही एमओ.

जोडीच्या वर हॅश चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्या ओलांडून पुढे जाऊ नका. ती ओळ कोडमध्ये कुठे आहे हे तिथे लिहिलेलं असतं, आणि कधीकधी प्रोग्रामरनं भाषांतरकारासाठी टीपही ठेवलेली असते. ‘लेफ्ट’ म्हणजे डावीकडे की उरलेलं, ‘फ्री’ म्हणजे मोफत की रिकामी जागा, हे त्या टिपेशिवाय किंवा कोड उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कोडमध्ये नवी ओळ दिसते, पण भाषांतराच्या फाइलीत ती नाही. का?

दोन कारणं नेहमीची. एक, प्रोग्रामरनं त्या ओळीवर खूण केलेली नाही. दोन, खूण आहे, पण ज्या फाइलीतून मजकूर गोळा करायचा त्यांच्या यादीत ती कोडफाइल घालायची राहिली. ग्नोमच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्यातल्या एकेका प्रोग्राममध्ये, ही यादी भाषांतरांच्याच फोल्डरात असते. दोन्ही गोष्टी प्रोग्रामच्या बाजूच्या चुका आहेत. त्यावर रीतसर बग नोंदवा आणि फाइलीचं नाव व ओळ क्रमांक द्या. अशा नोंदी चटकन सुटतात, कारण दुरुस्ती एका ओळीची असते आणि फायदा सगळ्याच भाषांना होतो.

डॅम्ड लाइजवर काम कसं चालतं?

‘डॅम्ड लाइज’ हे ग्नोमच्या भाषांतर साइटचं नाव. खोटं, धादांत खोटं आणि आकडेवारी या जुन्या इंग्रजी म्हणीतून ते आलं, कारण साइटचं मूळ काम आकडेवारी दाखवायचं. रोजचा क्रम असा:

१. खातं उघडा, मराठी गटात सामील व्हा. सुरुवातीला तुम्ही ‘भाषांतरकार’ असता. तपासनीस, कमिट करणारा आणि समन्वयक या भूमिका नंतर मिळतात.

२. मॉड्यूल निवडा आणि शाखा नीट बघा. मुख्य शाखेत पुढच्या आवृत्तीचं काम चालतं. आकड्याच्या नावाची शाखा आधीच बाहेर पडलेल्या आवृत्तीची असते.

३. ‘भाषांतरासाठी राखून ठेवा’ ही कृती निवडा. ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मग दोघं एकाच फाइलीवर काम करतात आणि एकाची मेहनत फुकट जाते.

४. त्याच पानावरून पीओ फाइल उतरवून घ्या. गेल्या महिन्यात उतरवलेली जुनी प्रत वापरू नका, कारण मधल्या काळात ओळी बदललेल्या असतात.

५. पोएडिट, लोकलाइज किंवा तुमच्या सवयीच्या संपादकात भाषांतर करा आणि फाइल परत चढवा. साइट ती ताज्या साच्याशी जुळवते आणि जुन्या-नव्यातला फरक दाखवते.

६. तपासनीस ती वाचून एकतर ‘पुन्हा काम हवं’ म्हणून परत पाठवतो किंवा ‘सादर करण्यास तयार’ अशी खूण करतो.

७. कमिटचा अधिकार असलेला माणूस साइटवरूनच ती भांडारात टाकतो. आकड्याच्या शाखेत टाकताना तीच फाइल मुख्य शाखेतही न्यायचा पर्याय तिथे असतो. तो निवडायचा राहिला तर सुधारणा चालू आवृत्तीत येते आणि पुढच्या आवृत्तीत गायब होते.

मराठीसारख्या छोट्या गटाचं काम सहसा सहाव्या पायरीवर खोळंबतं. भाषांतर करायला उत्साहानं लोक येतात, दुसऱ्याचं भाषांतर वाचायला कोणी तयार नसतं. तुमच्याकडे आठवड्यातून दोनच तास असतील आणि मराठी चांगलं असेल, तर नवी फाइल उघडू नका. रांगेत पडलेली एक तपासून द्या. गटाला त्याची जास्त गरज आहे.

कमिट झालं. आता तरी पोचलं का?

मेंटेनर आवृत्ती बांधण्याआधी कमिट झालं असेल तर हो. आवृत्ती काढताना मेंटेनर भांडारातल्या त्या क्षणाच्या स्थितीला आवृत्तीचा शिक्का मारतो आणि त्या स्थितीचं गाठोडं बनवतो. शिक्क्यानंतर पाच मिनिटांनी आलेलं भाषांतर त्या गाठोड्यात नसतं. ही गाठोडी अधिकृत घोषणेच्या काही दिवस आधीच बांधलेली असतात, त्यामुळे घोषणेची तारीख बघून काम आखलं की हमखास उशीर होतो.

उशीर झाला तरी सगळं वाया जात नाही. ग्नोमच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर ४८.१, ४८.२ अशा छोट्या दुरुस्ती-आवृत्त्या निघतात. स्थिर शाखेत, म्हणजे आकड्याच्या नावाच्या शाखेत, टाकलेलं भाषांतर त्यांत जातं. त्या शाखेतल्या इंग्रजी ओळी बदलत नसल्यामुळे तिथली मेहनत टिकते.

वर्षात कधी काम केलं तर उपयोग होतो?

ग्नोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. बीटानंतर, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीनंतर, आणि अंतिम आवृत्तीच्या काही आठवडे आधी ‘स्ट्रिंग फ्रीझ’ लागतो. म्हणजे पडद्यावर दिसणारी इंग्रजी ओळ बदलायला प्रोग्रामरांना बंदी. एखादी ओळ बदलायचीच असेल तर मेंटेनरला ग्नोमच्या भाषांतर समन्वय गटाची परवानगी मागावी लागते. हे आठवडे भाषांतरकारांसाठी राखलेले आहेत.

त्यानंतर कोडही गोठतो, पण भाषांतराला ती बंदी लागू नसते. तुम्ही शिक्का लागेपर्यंत फाइली देऊ शकता. तरी तपासणीला किमान आठवडा धरा. सप्टेंबरच्या आवृत्तीसाठी मोठ्या फाइली जुलैतच उचलाव्यात, आणि फ्रीझनंतर फक्त नव्या-बदललेल्या ओळी भराव्यात. सगळं फ्रीझनंतर करू म्हटलं की नेमके गणपतीचे दिवस समोर येतात आणि तपासायला कोणीच हाताशी नसतं.

‘फझी’ म्हणजे काय? फाइल १००% भरली होती, अचानक कमी कशी झाली?

मूळ इंग्रजी ओळ बदलली की गेटटेक्स्ट जुनं भाषांतर फेकून देत नाही. जवळात जवळची जुनी जोडी शोधून तिचं भाषांतर नव्या ओळीखाली ठेवतं आणि वर ‘फझी’ अशी खूण करतं. खुणेचा अर्थ: हे अंदाजानं लावलंय, माणसानं बघावं. एमओ बनवताना फझी जोड्या वगळल्या जातात आणि वापरणाऱ्याला त्या ठिकाणी इंग्रजी दिसतं.

समजा आधी बटणावर ‘डिलीट फाइल’ होतं आणि भाषांतर ‘फाइल हटवा’. नव्या आवृत्तीत ते ‘डिलीट फोल्डर’ झालं. गेटटेक्स्टला दोन्ही ओळी सारख्या वाटतात, म्हणून तो ‘फाइल हटवा’च नव्या ओळीखाली लावतो. कोणी आकडा १००% वर न्यायच्या घाईत फाइलीतल्या सगळ्या फझी खुणा एकदम काढून टाकल्या, तर ‘फाइल हटवा’ असं लिहिलेलं बटण सबंध फोल्डर उडवतं. ‘नको’ आणि ‘हवे’ यांच्यातही असाच घोळ होतो, कारण इंग्रजीत फरक फक्त एका छोट्या शब्दाचा असतो. फझी खूण एकेक करून, दोन्ही ओळी पूर्ण वाचूनच काढा. आधीची इंग्रजी ओळ फाइलीत नोंदलेली असेल तर संपादक जुन्या-नव्यातला फरक रंगानं दाखवतो.

टक्क्याच्या चिन्हासोबत अक्षरं येतात, त्यांचं काय करायचं?

ती रिकामी जागा आहे. प्रोग्राम चालताना तिथे फाइलीचं नाव किंवा आकडा बसतो. ती जशीच्या तशी ठेवा. तिच्यातलं अक्षर देवनागरी करू नका, मध्ये स्पेस घालू नका, गाळू नका. एस म्हणजे तिथे मजकूर येणार, डी म्हणजे पूर्णांक. आकड्याच्या जागी मजकुराची खूण पडली तर प्रोग्राम त्या ठिकाणी कोसळू शकतो. म्हणून बांधणीच्या वेळची तपासणी असा फरक पकडून फाइल नाकारते.

मराठीत खरा धोका क्रमाचा आहे. इंग्रजी ओळ आधी झालेल्या फाइलींचा आकडा सांगते, मग एकूण: ‘३ ऑफ १०’. मराठीत आपण उलटं म्हणतो: ‘१० पैकी ३’. दोन्ही जागा पूर्णांकाच्याच असल्यामुळे त्या नुसत्या ठेवून मध्ये ‘पैकी’ लिहिलं तर पडद्यावर ‘३ पैकी १० फाइली उतरवल्या’ असं येतं. तपासणीचं साधन ही चूक पकडत नाही, कारण प्रकार जुळतो आणि संख्याही जुळते. उपाय असा: टक्क्याच्या चिन्हानंतर लगेच जागेचा क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह लिहायचं, मग मूळ अक्षर. मराठी ओळीत पहिल्यांदा येणाऱ्या जागेला २ आणि नंतरच्या जागेला १ द्यायचा. हा अंक इंग्रजीतलाच हवा, देवनागरी चालत नाही. एका जागेला क्रमांक दिला की त्या ओळीतल्या सगळ्या जागांना द्यावा लागतो.

नावाच्या जागेला विभक्ती कशी लावायची?

मराठीत शब्दाचं सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय चिकटतो: घोडा, घोड्याला. रिकाम्या जागी कोणतं नाव येणार ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे सामान्यरूप करता येत नाही. चांगली युक्ती म्हणजे जागेनंतर एक सामान्य नाम घालून प्रत्यय त्यालाच लावणं: ‘अमुक या फोल्डरमध्ये’, ‘अमुक या फाइलीला’. जागेला थेट ‘मध्ये’ जोडलं तर ‘फोटोमध्ये’ ठीक वाचलं जातं, पण ‘नवा पत्तामध्ये’ वाचून कोणीही अडखळेल.

लिंगाचंही तसंच. ‘अमुक हटवला’ म्हणायचं, ‘हटवली’ की ‘हटवलं’? जागेत फाइल, फोल्डर, चित्र काहीही येऊ शकतं. अशा ओळी ‘अमुक हटवण्याचं काम झालं’ अशा वळवता येतात. प्रत्येक वेळी जमत नाही, पण प्रयत्न करण्यासारखा आहे. चुकीच्या लिंगाचं एक क्रियापद पडद्यावर आलं की सगळा प्रोग्राम परका वाटू लागतो.

एकवचन-अनेकवचनाच्या जोड्या कशा भरायच्या?

मराठी फाइलीच्या शीर्षकात, म्हणजे अगदी वरच्या माहितीच्या ओळींत, दोन रूपांचा नियम असतो: संख्या १ असेल तर पहिलं रूप, नसेल तर दुसरं. शून्यालाही दुसरं रूप लागतं, म्हणजे ‘० फाइली’. शीर्षकातली ही ओळ नसली किंवा तिच्यात दुसऱ्या भाषेचा नियम राहिला असला तर तपासणी नापास होते. जुनी फाइल दुसऱ्या भाषेवरून नक्कल केली असेल तर हे हमखास घडतं.

मेनूतल्या ओळींत अधोरेखा का असते?

ती कीबोर्ड शॉर्टकटची खूण आहे. ग्नोममध्ये ‘_’, केडीईत ‘&’ आणि लिबरऑफिसमध्ये ‘~’ किंवा ‘_’. मराठीत मूळ इंग्रजी अक्षर शेवटी कंसात देऊन त्याआधी खूण ठेवण्याची पद्धत आहे, आणि तीच सोयीची. देवनागरी अक्षरावर खूण ठेवली तर त्या वेळी कीबोर्ड मराठीवर नसलेल्या माणसाला शॉर्टकट वापरता येत नाही. खूण काना-मात्रेच्या आधी पडली तर अक्षरच तुटतं. विसरलात तर प्रोग्राम बिघडत नाही, फक्त शॉर्टकट जातो. उंदीर न वापरता काम करणाऱ्यांना मात्र तो जाणं फार त्रासाचं आहे.

‘दुसऱ्या’ शोधलं तर काही ओळी सापडतात, काही सापडत नाहीत. हे काय गौडबंगाल?

पडद्यावर सारखंच दिसणारं अक्षर फाइलीत दोन तऱ्हांनी साठवलेलं असतं. ‘ऱ्य’ लिहायची एक रीत म्हणजे नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा अदृश्य जोडक आणि य. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे आहेत. ‘ॲप’चंही असंच. ॲ हे स्वतंत्र अक्षर यूनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधी अ, कधी अदृश्य जोडक, आणि वर चंद्र अशी जुळवाजुळव चालायची. जुन्या मराठी फाइलींत ती अजून आहे.

गटानं एकच रीत ठरवावी आणि फाइल हाताळताना तिच्यात आणावी. नुक्त्याचा ऱ आणि स्वतंत्र ॲ धरा. यूनिकोडचा कलही तिकडेच आहे, आणि शोध, वर्णक्रम, शब्दतपासणी सगळं त्यानं सुधारतं. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये करा. नाहीतर तपासनिसाला शेकडो ओळी बदललेल्या दिसतात आणि त्यांत खरी सुधारणा हरवते.

फाइल देण्याआधी काय काय तपासावं?

गेटटेक्स्टसोबत एमएसजीएफएमटी ही कमांड येते. तिला ‘चेक’ आणि ‘स्टॅटिस्टिक्स’ हे पर्याय देऊन फाइल तपासा. ती रिकाम्या जागांचा मेळ, अनेकवचनाचा नियम आणि शीर्षक बघते, आणि किती ओळी भरल्या, किती फझी, किती कोऱ्या ते सांगते. सगळ्यात जास्त वेळा अडतं ते ओळ संपवण्याच्या खुणेवर: मूळ ओळीच्या शेवटी ती असेल तर भाषांतराच्या शेवटीही हवी. एवढ्याशा चुकीनं फाइल नाकारली जाते. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा.

साधनाला अर्थ कळत नाही. म्हणून शेवटी सगळी मराठी ओळ इंग्रजी झाकून एकदा वाचा.

भाषांतर चालवून कसं बघायचं?

पीओची एमओ बनवा आणि संगणकावरच्या भाषांतरांच्या फोल्डरात, मराठीच्या कप्प्यात, त्या प्रोग्रामच्या नावानं ठेवा. आधीची एमओ बाजूला जपून ठेवा. मग टर्मिनलमध्ये ‘लँग्वेज’ या व्हेरिएबलला मराठीचा संकेत देऊन तेवढाच प्रोग्राम उघडा, सबंध डेस्कटॉप मराठी करायची गरज नाही. मूळ लोकेल (संगणकाची भाषा-प्रदेशाची मांडणी) ‘सी’ असेल तर हा व्हेरिएबल दुर्लक्षिला जातो, हे ध्यानात असू द्या.

यात दोन गोष्टी दिसणार नाहीत. प्रोग्रामचं यादीतलं नाव बांधणीच्या वेळीच डेस्कटॉप फाइलीत मिसळलं जातं, ते एमओतून येत नाही. महिन्यांची आणि वारांची नावं बऱ्याचदा जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या मराठी लोकेलमधून येतात, तीही तुमच्या फाइलीत नसतात.

जीटीकेचं (ॲपना बटणं, मेनू पुरवणाऱ्या लायब्ररीचं) मराठी भाषांतर झालंय, तरी माझ्या ॲपमध्ये त्याच्या ओळीही इंग्रजीच. का?

त्या ॲपची स्वतःची मराठी फाइलच नसेल म्हणून. ॲपला चालू भाषेत काहीच भाषांतर नसेल, तर जीलिब (जीटीकेच्या खालची लायब्ररी) आपल्या आणि जीटीकेच्या ओळीही इंग्रजीत ठेवतं, म्हणजे पडद्यावर अर्धं-अर्धं मिश्रण होत नाही. ॲपमध्ये मराठी आली की त्या ओळी आपोआप मराठी होतात.

आवृत्ती आली, भाषांतर तिच्यात आहे, तरी मला मराठी दिसत नाही.

खालून वर तपासा.

तुमच्या वितरणात ती आवृत्ती आहे का? डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात ग्नोम ४८ आहे. सप्टेंबर २०२५च्या ग्नोम ४९साठी केलेलं काम डेबियनच्या स्थिर आवृत्तीवरच्या माणसाला पुढच्या डेबियनमध्येच दिसेल, आणि डेबियनच्या दोन आवृत्त्यांत साधारण दोन वर्षं जातात. फेडोरा सहा महिन्यांनी येतं, तिथे लवकर दिसतं.

मराठी लोकेल बसवलंय का? डेबियनमध्ये ते निवडून तयार करावं लागतं. फेडोरात मराठीचा लँगपॅक म्हणजे भाषा-पॅकेज बसवावं लागतं.

ॲप फ्लॅटपॅकमधून, म्हणजे वितरणापासून वेगळ्या वाटेनं ॲप देणाऱ्या साधनातून, आलंय का? फ्लॅटपॅक फक्त ठरवलेल्या भाषांची भाषांतरं उतरवतं. त्याच्या भाषांच्या मांडणीत मराठी घाला आणि अपडेट चालवा. डेस्कटॉप मराठीत आणि एकच ॲप इंग्रजीत, असं दिसलं तर आधी हेच बघा.

प्रकल्प ग्नोमबाहेरचा असेल तर भाषांच्या यादीची फाइल बघा. पीओ फोल्डरमध्ये आहे, पण ‘एमआर’ त्या यादीत नाही, तर बांधणीत मराठी घेतलीच जात नाही. कुठे चूकही दाखवली जात नाही.

उबुंटूच्या लाँचपॅडवर सुधारलं तर चालेल का?

उबुंटू आपल्या मुख्य विभागातल्या पॅकेजांतून भाषांतरं बाहेर काढतं आणि वेगळ्या भाषा-पॅकेजांतून देतं. लाँचपॅड या उबुंटूच्या भाषांतर साइटवर केलेली सुधारणा त्या पॅकेजांतून उबुंटूवाल्यांना मिळते, पण मूळ प्रकल्पाकडे आपणहून जात नाही. फेडोरा किंवा डेबियनवरच्या मराठी माणसाला ती कधीच दिसणार नाही. ग्नोमची सुधारणा ग्नोममध्येच करा, उबुंटूत ती येतेच. लाँचपॅड उबुंटूच्या स्वतःच्या प्रोग्रामांसाठी ठेवा.

सुरुवात कुठल्या फाइलीपासून करावी?

रोज दिसणाऱ्यापासून. ग्नोम शेल, सेटिंग्ज, फाइल्स, आणि त्यांच्याखालचं जीटीके. ग्नोम एखाद्या भाषेला ‘समर्थित’ मानतं ते पडद्यावरच्या ८०% ओळी भरल्या की. त्या आकड्यामागे लागून कमी वापराच्या विकास-साधनांच्या हजारो ओळी भरण्यापेक्षा सेटिंग्जमधल्या शंभर ओळी नीट करणं लोकांच्या जास्त कामाचं आहे. पहिल्या वेळी पन्नासेक ओळींची छोटी फाइल घ्या. सगळी वाट एकदा पार होऊ द्या, मग मोठी उचला.

समन्वयक उत्तरच देत नाहीत. काय करावं?

दोन आठवडे थांबा, एकदा पुन्हा विचारा. तरी काही नाही, तर ग्नोमच्या भाषांतर समन्वय गटाला कळवा: कोणत्या तारखेला काय विचारलं आणि कोणत्या फाइली अडल्या आहेत. निष्क्रिय भाषेला नवा समन्वयक नेमायची रीत आहे. थेट प्रोग्रामच्या भांडारात पीओ पाठवून आडवाट काढू नका. मेंटेनरला मराठी येत नसतं, त्याला ती तपासता येत नाही, आणि तो तुम्हाला साइटवरच परत पाठवतो.

शब्द कुठले वापरायचे? ‘जतन करा’ की ‘सेव्ह करा’?

गटाच्या शब्दसूचीत जो असेल तो. सूची नसेल तर आधीच्या फाइलींत शोधून बघा. भारतीय भाषांसाठी ‘फ्युएल’ या प्रकल्पानं मेनूतल्या नेहमीच्या शब्दांची यादी मराठीतही केली होती, ती अजून उपयोगी आहे. आमचं मत विचाराल तर ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘शोधा’ हे रुळले आहेत, ते ठेवावेत. ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘पासवर्ड’ हे लोक बोलतात, त्यांना ‘संचिका’ किंवा ‘धारिका’ करायला जाऊ नये. आज्ञा नेहमी ‘करा’ या आदरार्थी रूपात द्या. ‘करणे’ आणि ‘कर’ एकाच मेनूत मिसळू नका.

यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर?

कच्चा मसुदा म्हणून एकेक ओळ पाहायला हरकत नाही, प्रकल्पाचे नियम आधी वाचा. सबंध फाइल यंत्रातून काढून चढवू नका. ‘ओपन’ला यंत्र ‘उघडा’ म्हणेल, पण ती ओळ दाराच्या स्थितीसारखी ‘उघडे’ या अर्थाची आहे की आज्ञा, हे त्याला सुट्या शब्दावरून कळत नाही. अशा फाइलीत प्रत्येक ओळ भरलेली असते आणि फझी एकही नसते, त्यामुळे तपासनिसाला चुका शोधायला नव्यानं भाषांतर करण्याइतकाच वेळ लागतो.

श्रेय आणि हक्क कोणाचे?

पीओच्या शीर्षकात भाषांतरकारांची नावं आणि वर्षं असतात. तुमचं नाव जोडा, आधीच्यांची काढू नका. प्रोग्रामच्या ‘विषयी’ चौकटीत भाषांतरकारांच्या श्रेयाची एक ओळ असते, तिच्यात भाषांतर न लिहिता नावं लिहायची. भाषांतर सहसा मूळ प्रोग्रामच्याच परवान्याखाली जातं, आणि तसं शीर्षकात लिहिलेलं असतं. म्हणून दुसऱ्या बंदिस्त सॉफ्टवेअरमधली वाक्यं उचलून इथे आणता येत नाहीत.

इतर प्रकल्पांची वाट किती वेगळी?

केडीईत भाषांतरं अजून एसव्हीएन या जुन्या धाटणीच्या भांडारात राहतात. ‘स्क्रिप्टी’ नावाचा बॉट ओळी गोळा करतो, फाइली जुळवतो आणि प्रोग्रामांच्या भांडारात नेऊन ठेवतो. स्थिर आणि विकास शाखा वेगळ्या असतात, कुठली भरताय ते बघा.

लिबरऑफिसचं काम वेबलेट या भाषांतर साइटवर चालतं. तिथून भाषांतरं ठराविक वेळी उचलून भांडारात नेली जातात. आवृत्त्या फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात.

फायरफॉक्ससाठी पाँटून ही साइट आहे आणि फाइली ‘फ्लुएंट’ या वेगळ्या स्वरूपात असतात. आवृत्ती दर चार आठवड्यांनी येत असल्यामुळे चुकली तरी पुढची जवळ असते. मंजूर ओळ नाइटली या रोजच्या चाचणी-आवृत्तीत लवकर दिसते, तिथेच बघून घ्या.

वर्डप्रेसच्या प्लगिनचं भाषा-पॅकेज पहिल्यांदा तयार व्हायला स्थिर आवृत्तीच्या ९०% ओळी मंजूर लागतात. ‘प्रतीक्षेत’ असलेल्या सूचना त्यात धरल्या जात नाहीत. प्लगिन जवळजवळ पूर्ण भरलेलं असतानाही साइट इंग्रजीतच दिसते ती यामुळे. अशा वेळी मराठी गटाच्या संपादकांना त्या प्लगिनचं नाव देऊन तपासणीची विनंती करा.